थंड खोलीतली बैठक

रविवारी दुपारी पावणेबाराला फोन आला, तेव्हा छोटी आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजमध्ये डोकं घालून उभी होती.

एका कानाशी आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक होता, दुसऱ्या कानाशी दुधाचं पातेलं. दार फार वेळ उघडं राहिल्यामुळे फ्रिज कुरकुरायला लागला होता. मानेमागून निघालेली वाफ कानांपर्यंत पोचली होती आणि अजून टाळूपर्यंत जायची होती. ही वाट छोटीला आता पाठ झाली होती. वाफ मध्ये कुठे थांबत नाही आणि तिला घाईही करता येत नाही.

"तुझा फोन वाजतोय," वहिनी दारातून म्हणाली.

"वाजू दे."

"संस्थेच्या सचिवांचा आहे."

छोटीने डोकं आतच ठेवून हात मागे केला. वहिनीने त्यात फोन ठेवला.

बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. संचालकपदाची मुलाखत उद्या सकाळी होती, ती आज संध्याकाळी पाचला होणार होती, कारण समितीच्या अध्यक्षांना लवकर परतायचं होतं. पुढची बातमी सचिवांनी बक्षीस जाहीर करावं तशी दिली. मुलाखत सभागृहात न घेता मॅडमच्या सुप्रसिद्ध थंड खोलीतच घ्यायची, असं समितीने एकमताने ठरवलं होतं. "तुमची पद्धत त्यांना प्रत्यक्ष बघायची आहे, मॅडम."

"बरं," म्हणून छोटीने फोन ठेवला आणि फ्रिजचं दार लावलं. मग पुन्हा उघडलं.

एक्कावन्न वर्षांच्या बाईला छोटी म्हणणारी माणसं फक्त या घरात होती. बाहेर ती वनस्पती संशोधन संस्थेच्या बियाणे विभागाची प्रमुख होती. बी जमिनीत वर्षानुवर्षं झोपतं कसं आणि एके दिवशी जागं का होतं, यावर तिने अर्धं आयुष्य घालवलं होतं. त्याच संस्थेत तिच्या आईने नेचे या वनस्पतीवर काम केलं होतं. घरच्या बागेत कुंड्यांमधून जे हिरवे झुपके डोकं वर काढून उभे असत, ते आईच्या नोकरीची शेवटची शिल्लक. आई विभागप्रमुख होता होता राहिली होती. ते पद चालून आलं असताना तिने नाही म्हटलं, दादाचं शेवटचं वर्ष होतं म्हणून, असा घरचा इतिहास होता. दादाने तो पुरेशा अपराधी चेहऱ्याने आणि मनातून पुरेशा अभिमानाने तीस वर्षं वागवला होता.

छोटी बाहेरच्या खोलीत आली तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. टेबलाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला दादा. दादा वकील होता आणि घरातल्या कुठल्याही टेबलाचं त्याच्या बाजूचं टोक आपोआप न्यायाधीशाचं होत असे. छोटीचा नवरा दातांचा दवाखाना चालवायचा. घरात 'डॉक्टर' म्हटलं की तोच वळून बघायचा. वास्तविक डॉक्टरेट छोटीला त्याच्याआधी मिळाली होती, पण घराने तो शब्द एकदाच वाटला होता आणि तो त्याच्या वाट्याला गेला होता. तिसऱ्या खुर्चीवर त्यांची लेक, मुंगी. ती लहानपणापासून चणीने बारीक म्हणून मुंगी, आणि आता मुंग्यांवरच पीएच.डी. करत होती, त्यामुळे ते नाव सुटण्याची आशा संपली होती.

"आज पाचला," छोटी म्हणाली. "आणि थंड खोलीत."

"वा!" दादाने टेबलावर थाप मारली. "म्हणजे झालंच तुझं काम. कोर्टात त्या दिवशी मी तुझ्या पद्धतीवर चांगली दहा मिनिटं बोललो. प्रतिपक्षाचा वकीलसुद्धा म्हणाला, बाई विलक्षण आहे."

छोटी खुर्चीत बसली. तिने पाण्याचा ग्लास उचलून प्यायच्या ऐवजी गालाला लावला.

"दादा, पद्धत वगैरे काही नाहीये. मला गरम होतं."

डॉक्टरने आणि मुंगीने आपापल्या ताटांकडे बघितलं, कारण त्या दोघांना ते माहीत होतं.

हकीकत अशी होती. दोन वर्षांपूर्वी संस्थेतले दोन गट एका नव्या सूक्ष्मदर्शकाच्या वेळापत्रकावरून भांडत होते. भांडण सहा महिने चाललं होतं आणि त्या दिवशी तिसरा तास सुरू होता. छोटीच्या मानेमागून वाफ निघाली. ती काही न बोलता उठली, बाहेर आली, लांब बोळ ओलांडून बियाण्यांच्या थंड खोलीत शिरली आणि चार अंशांत डोळे मिटून उभी राहिली. डोळे उघडले तर सगळी बैठक तिच्यामागून आत आलेली. मॅडमनी जागा बदलली, असं त्यांना वाटलं. एकाच्याही अंगात कोट नव्हता. सहा महिन्यांचं भांडण दहा मिनिटांत मिटलं, कारण बाराव्या मिनिटाला तिथे उभं राहण्याची कुणाचीच तयारी नव्हती.

मग ती रीतच पडली. खोलीबाहेर खुंट्या ठोकल्या गेल्या, त्यांवर जाड लोकरीचे कोट आले. व्यवस्थापन शिकवणारे एक प्राध्यापक येऊन बघून गेले आणि त्यांनी 'थंड डोक्याचं नेतृत्व' असा मोठा लेख लिहिला. दुसऱ्या संस्थांची माणसं बघायला येऊ लागली. एकीने तर आपल्याकडे तशी खोली नाही म्हणून एसी इतका खाली नेला की त्यांचा हिशेबनीस तापाने पडला.

"पण लेखात तर लिहिलंय," दादा सावकाश म्हणाला, "की शारीरिक अस्वस्थतेचा निर्णयप्रक्रियेत विधायक वापर..."

"अस्वस्थता माझी होती. वापर त्यांनी केला."

"तू नाकारलं नाहीस."

"मला कुणी विचारलं नाही."

"उत्तम!" दादाचा चेहरा उजळला. "मग आजही विचारलं तरच बोलायचं. आणि विचारलं तर पद्धतीबद्दल बोलायचं, कारणाबद्दल नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मला हे पटत नाही," डॉक्टर म्हणाला. "आतून कीड असताना वरून—"

"दात नको!" मुंगी आणि वहिनी एकदम म्हणाल्या.

"दात नाही म्हणत मी. तत्त्व म्हणतोय."

"तुझ्या तत्त्वाला नेहमी दात असतात, बाबा," मुंगी म्हणाली.

आई आतापर्यंत गप्प होती. तिने चष्मा काढून पुसला, जे ती निकाल देण्याआधी करत असे. "हा विषय पुरुषांपुढे काढायचा नसतो," ती म्हणाली. "काही सांगायचं नाही. दादा म्हणतो तेच बरोबर."

दादाने आश्चर्याने तिच्याकडे बघितलं. गेल्या वर्षी आईने कुणाकडे राहायचं यावरून जो महिनाभर वाद झाला, त्यात आई आणि छोटी एका बाजूला होत्या, दादा-वहिनी दुसऱ्या. आई शेवटी स्वतःच्याच घरी राहिली. तेव्हापासून आईने दादाच्या बाजूने मत दिल्याची ही पहिलीच वेळ होती आणि त्याला ते कुठे ठेवावं कळेना.

"आजी, काहीतरीच काय," मुंगी म्हणाली. "अर्ध्या जगाला होतं ते."

"अर्ध्या जगाला होतं, म्हणून दुसऱ्या अर्ध्याने मुलाखत घेताना ऐकून घ्यायला हवं असं नाही. त्या समितीत बायका किती आहेत?"

"एक," छोटी म्हणाली. "पाचांत."

"बघ."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनीने आपली पर्स उघडली आणि आतून मुठीएवढा पंखा काढून टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. बटण दाबलं. तो गुणगुणायला लागला.

"माझ्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये असाच आणखी एक आहे," ती म्हणाली.

वहिनी बँकेच्या मोठ्या शाखेची प्रमुख होती. ती आणि छोटी गेली पंचवीस वर्षं एकमेकींशी काउंटरवर बोलावं तशा बोलत: नीट, हसून, आणि रांगेत मागे कुणीतरी उभं असल्यासारखं. छोटीने पंख्याकडे बघितलं, मग वहिनीकडे.

"हे कधीपासून?" दादाने विचारलं.

"तीन वर्षं झाली."

"मला कसं माहीत नाही?"

"अहो, मी बाल्कनीत का झोपते असं वाटलं तुम्हाला?"

"तू म्हणालीस, तारे बघायला."

"तीन वर्षं? ढग असतानाही?"

दादाने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांच्या वकिलीत त्याच्यावर असा प्रसंग फारसा आला नव्हता. डॉक्टरने घाईघाईने त्याच्या ताटात भात वाढला.

"मग तुम्ही कुणाला सांगितलंत का, वहिनी?" छोटीने विचारलं.

"छे. वरच्यांना कळलं असतं तर ही शाखा दिलीच नसती. म्हणाले असते, बाईंना आता जरा हलकं काम द्या. चांगल्या मनाने म्हणाले असते, ते आणखी वाईट." तिने पंखा छोटीकडे वळवला. "माझंही मत, बोलू नकोस. आधी खुर्ची घे, मग काय हवं ते बोल."

तीन विरुद्ध दोन झालं. तेव्हा मुंगी म्हणाली, "पण खोटं बोलून मिळालं, तर मग सगळ्या संस्थेला आयुष्यभर त्या फ्रिजमध्ये उभं करावं लागेल. ते कुणी लक्षात घेतलंय का?"

"पद्धत चालते ना पण?" दादा म्हणाला.

"बैठका लवकर संपतात, मामा. एवढंच. थंडीत माणूस पटकन हो म्हणतो. हो म्हणाला म्हणजे त्याला पटलं असं नाही, त्याला बाहेर जायचंय." ती छोटीकडे वळली. "घड्याळमावशींचं काय झालं?"

छोटीने ग्लास खाली ठेवला.

घड्याळमावशी तिच्या विभागातली संशोधिका होती. तिच्या येण्या-जाण्यावर लोक घड्याळं लावत. येत्या वर्षी नव्या प्रकल्पाची धुरा तिच्याकडे यायची होती. तीन आठवड्यांपूर्वी थंड खोलीतल्या बैठकीत ती म्हणाली, की हल्ली मला नावं आठवत नाहीत, रात्री झोप नाही, मला हे झेपायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्या. सगळे पाय आपटत, हात बगलेत धरून उभे होते. कुणीतरी म्हणालं, ठीक आहे. छोटी म्हणाली, विश्रांती घ्या. विषय मिटला. दुसऱ्या दिवशी तिचा राजीनामा टेबलावर आला.

"मी तिला विचारलंसुद्धा नाही," छोटी म्हणाली. "मी स्वतः त्याच कारणासाठी तिथे उभी होते, आणि तिला विचारलं नाही."

"राजीनाम्यावर सही केलीस?" दादाने विचारलं.

"नाही अजून."

"मग तो राजीनामा नाही. कागद आहे."

दादाच्या तोंडून दुपारभरात निघालेलं हे पहिलं उपयोगाचं वाक्य होतं, आणि ते त्यालाही जाणवलं असावं, कारण तो जेवायला लागला.

"नावं आठवत नाहीत म्हणाली?" आईने विचारलं.

"हो."

"कसली नावं?"

"झाडांची. माणसांची. का गं?"

आईने ताटातला घास बाजूला सारला. "सांगायचं नाही, असंच मीही ठरवलं होतं," ती म्हणाली. "आणि सांगितलं नाही, ते बरंच झालं. मला प्रमुख करायचं ठरलं ना, तेव्हा एक सभा होती. सगळी संस्था बसलेली. मी उभी राहिले आणि मला तो शब्द आठवेना."

"कुठला शब्द?"

"नेचे."

कुणी हसलं नाही.

"बावीस वर्षं ज्याच्यावर काम केलं त्याचं नाव. समोर कुंडी होती. मी त्या कुंडीकडे बघत उभी. म्हटलं, ही... ही झाडं. मग पाणी प्यायले, आणि शेवटपर्यंत 'ही झाडं, ही झाडं' करत बोलले. रात्री झोप लागायची नाही. अंगाची लाही व्हायची. माझी आई शेवटी कशी झाली होती, ते तुम्ही दोघांनी बघितलंय. मला कुत्र्याच्या नावाने हाक मारायची. मला वाटलं, आलं. माझंही सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणून सांगितलं."

"पण माझं शेवटचं वर्ष—" दादा म्हणाला.

"तुझं काय, तू पास होणारच होतास. काहीतरी कारण द्यायला हवं होतं, ते दिलं."

दादाने चमचा खाली ठेवला. त्याच्या हातून तीस वर्षांचा अपराध आणि तीस वर्षांचा मान एकदमच गेला होता, आणि दोन्हींपैकी कशाचं वाईट वाटून घ्यावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"मग, आजी?" मुंगीने हळूच विचारलं.

"मग काय. तेव्हापासून वाट बघतेय. रोज सकाळी उठून सगळ्या नेच्यांची शास्त्रीय नावं म्हणते. सगळी येतात." आईने चष्मा नाकावर चढवला. "तीस वर्षं वाट बघतेय वेड लागायची. लागतच नाही."

आधी वहिनी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती पुन्हा हसली, आणि तिच्यापाठोपाठ सगळेच. आईसुद्धा, जरा नाराजीने.

छोटी हसत नव्हती. ती आईच्या हाताकडे बघत होती. ताटाच्या कडेवर आईची बोटं एकेक करून टेकत होती, जणू आताही मनातल्या मनात नावं चालली होती. या बाईने आपल्याला बियांची नावं शिकवली, आणि आपण पुढे जाताना मागे दारात उभी राहून हात हलवला. त्या दारातून तिलाही जायचं होतं, हे छोटीला माहीत होतं. ती कशाला घाबरून थांबली, ते आज कळलं. कुणी एकाने जरी तेव्हा सांगितलं असतं, की अगं, जातं ते.

"आई," ती म्हणाली, "मी आज नाही सांगितलं, तर घड्याळमावशी घरी बसून तीस वर्षं नावं म्हणत राहील."

"ते तुझ्या मुलाखतीत कशाला?"

"मुलाखत संचालकाची आहे. संचालक कशासाठी असतो मग?"

"आणि पद गेलं तर?" वहिनीने विचारलं.

गेले दोन महिने ती सगळ्यांना सांगत होती, की बघू, झालं तर झालं, मला काही तेवढी हौस नाही. तिच्याच पोरीने तिला विचारलं होतं, तर तिलाही तिने असंच सांगितलं होतं.

"मला हवंय ते," ती म्हणाली. "फार हवंय. पुन्हा संधी येणार नाही. निवृत्तीआधी एवढी एकच आहे. आणि ते मिळवून मला सगळ्या संस्थेला थंडीत कुडकुडवायचं नाहीये."

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर प्रथमच दाताचा विषय न काढता म्हणाला, "मग सांग."

"मूठ," दादा पुटपुटला, "सव्वा लाखाची..."

"दादा," आई म्हणाली, "किती वर्षं झाकायची मूठ? हात अवघडतो." मत बदलल्याचं तिने जाहीर केलं नाही, टेबलावरून उठली. "केक बरोबर घ्या. मी येणार आहे."

"आई, तिथे सगळ्यांनी कशाला—"

"वाढदिवस माझा आहे. संस्थाही आधी माझी होती. कुठे बसायचं ते मी ठरवणार."

दादाची गाडी मोठी होती. आई पुढे, मांडीवर केकचं खोकं. मागे वहिनी, छोटी आणि मुंगी. सगळ्यांत मागच्या आडव्या सीटवर गुडघे हनुवटीशी घेतलेला डॉक्टर. वहिनीचा छोटा पंखा वाटेत दोनदा इकडून तिकडे फिरला. दुसऱ्या वेळी वाफ नेमकी कुणाची होती, यावर नणंद-भावजयीत थोडी चर्चा झाली.

रविवार असल्यामुळे संस्थेचा लांब बोळ रिकामा होता. भिंतीला हिरवट रंग, पायाखाली पुसून पुसून गुळगुळीत झालेली फरशी, शेवटी थंड खोलीचं जाडजूड धातूचं दार. दारात डोळ्यांच्या उंचीवर वहीच्या पानाएवढी काच. शेजारी पाच खुंट्या, पाच कोट.

समिती आलेली होती. अध्यक्ष म्हणजे एका विद्यापीठाचे माजी कुलगुरू, ताठ कण्याचे, बारीक पांढरी दाढी राखलेले. तीन पुरुष सदस्य. एक रसायनशास्त्राची प्राध्यापिका, साठीची, केस आखूड कापलेली. बोळातल्या बाकावर केक घेऊन बसलेलं एक आख्खं कुटुंब बघून अध्यक्ष जरा थबकले. सचिवांनी ओळख करून दिली. आईचं नाव ऐकल्यावर अध्यक्ष म्हणाले, "नेच्यांवरचं काम आपलं?"

"होय," आई म्हणाली. "नेच्यांवरचं." तिने तो शब्द अगदी स्पष्ट उच्चारला.

सचिवांनी खुंट्यांकडे हात केला. "दहा मिनिटांचा तर प्रश्न," म्हणून अध्यक्ष कोट न घालता आत गेले. ते गेले म्हणून बाकीचे तिघेही तसेच गेले. प्राध्यापिकेने मात्र कोट काढला, नीट घातला, सगळी बटणं लावली. छोटी कधीच कोट घालत नसे. ती शेवटी आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

चारही बाजूंनी छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत बिया. मध्ये दाटीने उभं राहण्यापुरतीच जागा. अध्यक्षांच्या तोंडातून वाफ येत होती.

"पहिला प्रश्न साहजिकच आहे," ते म्हणाले. "ही कल्पना आपल्याला कशी सुचली?"

"सुचली नाही, सर," छोटी म्हणाली. "गरम व्हायचं."

"म्हणजे चर्चेत वातावरण तापायचं..."

"नाही. अंगाला गरम व्हायचं. माझी पाळी जात होती. मी उठून इथे यायचे. लोक मागून आले."

एका सदस्याने बरणीवरचं लेबल वाचायला घेतलं. दुसऱ्याने घसा खाकरला. प्राध्यापिकेने हलणं थांबवलं.

छोटी बोलत राहिली. तिने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. या खोलीत बैठका लवकर संपतात हे खरं, ती म्हणाली, पण त्यांतले काही निर्णय आम्हाला नंतर फिरवावे लागले, आणि एक अजून फिरवायचा आहे. आमच्या विभागातली एक उत्तम संशोधिका याच कारणाने काम सोडून चालली आहे. तिला नावं आठवत नाहीत. तिला वाटतंय, डोकं गेलं. ते जात नाही, हे तिला सांगणारं कुणी नाही, कारण ज्या वयात बायका विभाग चालवायला लागतात, नेमक्या त्याच वयात हे होतं, आणि त्या वयात सगळ्या गप्प असतात. मीही होते. तुम्ही मला निवडलंत तर पहिल्या आठवड्यात ही खोली फक्त बियांना देईन. बैठका उबेत घेईन. लांबल्या तर लांबू देईन.

"आणि आपली स्वतःची प्रकृती?" लेबल वाचणाऱ्याने विचारलं. "पाच वर्षांचा कार्यकाळ आहे. दगदग असते."

"प्रकृती उत्तम आहे," छोटी म्हणाली. "सध्या जरा थंडी वाजतेय, एवढंच."

आणि ते खरं होतं. दोन वर्षांत या खोलीत तिला पहिल्यांदाच थंडी वाजत होती. मान गार होती, बोटं बधिर होत होती, आणि दाताला दात लागायच्या आत कुणीतरी पुढचा प्रश्न विचारावा, असं तिला वाटत होतं.

कुणी विचारला नाही. अध्यक्षांनी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. "आपण बाहेर थांबा," ते म्हणाले. "आम्ही जरा बोलून घेतो. पाचच मिनिटं."

छोटी बोळात आली. सगळे उठून उभे राहिले.

"सांगितलंस?" आईने विचारलं.

"सांगितलं."

"चेहरे कसे होते?"

"निळे."

वहिनीने आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यांवर टाकला. छोटीने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. वहिनी कोपऱ्यातल्या किटलीकडे वळली, तशी छोटी म्हणाली, "चहा नको. बस ना इथे, माझ्याजवळ. तू बस."

वहिनीने चमकून बघितलं. मग ती किटली सोडून बाकावर तिला खेटून बसली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. दादाने वेळ जावा म्हणून केक कापायला घेतला. डॉक्टरने साखरेबद्दल काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुंगी दाराच्या काचेशी जाऊन बाहीने धुकं पुसत होती. पुसलं की क्षणभर दिसायचं, पुन्हा काच पांढरी व्हायची.

"काय चाललंय?" दादाने विचारलं.

"त्या बाई बोलतायत. बोट रोखून." तिने पुन्हा पुसलं. "आता अध्यक्ष बोलतायत. आता दोघं एकदम बोलतायत. एक जण पाय आपटतोय."

"गोठले असतील," दादा म्हणाला. "आतापर्यंत इथे एवढा वेळ कुठली बैठक चालली होती?"

"कुठलीच नाही," छोटी म्हणाली.

"चांगलं की वाईट?"

"माहीत नाही."

आई केकची बशी मांडीवर घेऊन दाराकडे बघत होती. "भांडतायत," ती म्हणाली, आणि एक तुकडा तोंडात टाकला.

तेवढ्यात दाराची कडी खटकन वाजली. सगळे पुन्हा उठले. दादा हातात सुरी धरून. समितीतला सगळ्यांत तरुण सदस्य, तोच लेबल वाचणारा, बाहेर आला. त्याचं नाक लाल झालं होतं, ओठ हलत नव्हते. त्याने कुणाकडे बघितलं नाही. तो खुंट्यांपाशी गेला, उरलेले चारही कोट काढून कडेवर घेतले, आणि परत आत गेला.

दार बंद झालं.